पीट पॉसलथ्वेट: वॉरिंग्टनचा नट आणि त्याने उभे केलेले बाप

नेपथ्य

पीट पॉसलथ्वेट यांनी रंगवलेले बाप एकापाठोपाठ एक पाहिले, तर ते सगळे एकाच नटाने साकारले आहेत हे लक्षात यायला थोडा वेळ लागतो. चेहरा तर लपण्यासारखा नव्हता. वर आलेली गालाची हाडे, ठसठशीत नाक, खोल गेलेले डोळे. एकदा पाहिलेला माणूस पुन्हा विसरू नये असा तो चेहरा. रंगभूषेच्या आधाराने स्वतःला ओळखू न देण्याची कला अनेक नटांना अवगत असते. पॉसलथ्वेट यांचा चेहरा तसाच राहतो आणि आतला माणूस मात्र बदलतो. हे त्यांना कसे साधले असावे, हा विचार बरेच दिवस मनात घोळत होता, म्हणून हा धागा काढत आहे. माझे म्हणणे असे, की त्यांनी कोणत्याही पात्रासाठी प्रेक्षकाकडे दया मागितली नाही की राग मागितला नाही. दृश्य सुरू होण्याआधीचे त्या माणसाचे आयुष्य, त्याचे काम, त्याचा थकवा, त्याची देवाधर्माची सवय, हे सगळे अंगात मुरवून ते कॅमेऱ्यासमोर आले आणि निवाडा त्यांनी आपल्यावर सोडला.

त्यांचा जन्म ७ फेब्रुवारी १९४६ रोजी इंग्लंडच्या वायव्य भागातील वॉरिंग्टन या कारखानदारीच्या गावात, एका कष्टकरी कॅथलिक कुटुंबात झाला. चार भावंडांत ते धाकटे. वडील लाकडी पिंपे बनवण्याचे काम करीत आणि पुढे एका शाळेच्या इमारतीची देखभाल त्यांच्याकडे आली. पीट यांच्या मनात एके काळी पाद्री होण्याचा विचार होता. तो मागे पडल्यावर त्यांनी शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले, मँचेस्टरमध्ये मुलींच्या कॅथलिक शाळेत नाट्य हा विषय शिकवला आणि त्यानंतर ब्रिस्टल ओल्ड व्हिकच्या नाट्यशाळेत प्रवेश घेतला. आडनाव बदलून घ्या, एवढे लांबलचक नाव दिव्यांच्या अक्षरांत झळकवायचे तर विजेचा खर्च परवडणार नाही, असा सल्ला त्यांना सुरुवातीच्या काळात मिळाला होता. त्यांनी आडनाव बदलले नाही.

पहिला बाप १९८८ सालचा. टेरेन्स डेव्हिस यांनी लिव्हरपूलमधील स्वतःच्या कुटुंबाच्या आठवणींवर 'डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज' हा चित्रपट केला. त्यातील बाप घरच्यांवर हात उगारणारा, तापट आणि कोणत्या क्षणी बिथरेल याचा नेम नसलेला असा आहे. नाताळच्या आदल्या रात्री तो झोपलेल्या मुलांच्या खोलीत येतो, मायेने त्यांच्याकडे पाहतो आणि भेटवस्तू ठेवून निघून जातो. नाताळच्या जेवणाला मुले टेबलाभोवती बसलेली असताना तोच बाप काही क्षण स्तब्ध बसतो, मग टेबलावरचा कापड मुठीत धरून खसकन ओढतो, ताटवाट्या जमिनीवर आदळतात आणि तो बायकोला हे साफ कर म्हणून ओरडतो. दुसऱ्या एका दृश्यात तो तट्टाला खरारा करीत गुणगुणत असतो आणि मुले माळ्यावरून गुपचूप त्याच्याकडे पाहत असतात. या तिन्ही प्रसंगांना जोडणारा एकही खुलासा पटकथेत नाही. बालपणी त्याच्यावर काय अन्याय झाला, कोणत्या दुःखाने तो असा झाला, हे आपल्याला कोणी सांगत नाही. एखाद्या कमी कसाच्या नटाने कापड ओढण्यापूर्वी चेहऱ्यावर संतापाची चाहूल दिली असती, आणि त्या मानसिक तयारीने प्रेक्षक वाचला असता. पॉसलथ्वेट ती चाहूल देत नाहीत. घरातल्या मुलांना जशी ती कधी मिळाली नाही, तशी ती आपल्यालाही मिळत नाही, आणि म्हणून आपण त्या टेबलाभोवती मुलांच्या शेजारी बसलेलो असतो.

पाच वर्षांनी, १९९३ मध्ये, जिम शेरिडन यांच्या 'इन द नेम ऑफ द फादर'मध्ये त्यांनी जुझेप्पे कॉनलन रंगवला. ५ ऑक्टोबर १९७४ रोजी इंग्लंडमधील गिल्डफर्डच्या पबांमध्ये स्फोट झाले. त्या प्रकरणात बेलफास्टचा तरुण जेरी कॉनलन याला पकडण्यात आले आणि मुलाला वकील मिळवून द्यावा म्हणून लंडनला आलेला बापही अटकेत गेला. जुझेप्पे १९८० मध्ये कैदेत असतानाच वारले. जेरीसह चौघांची सुटका १९८९ मध्ये झाली आणि जुझेप्पे यांच्यासह सात जणांना झालेल्या शिक्षा १९९१ मध्ये रद्द झाल्या. प्रत्यक्षात बापलेकांना एका कोठडीत ठेवलेले नव्हते. चित्रपटाने ते स्वातंत्र्य घेतले आहे आणि त्यावर त्या काळी टीकाही झाली. माझ्या मते या बदलामुळेच चित्रपट उभा राहिला, कारण त्यातील खरे नाट्य न्यायालयात घडत नाही, दोन खाटांच्या मधल्या जागेत घडते.

डॅनिएल डे-लुईस यांचा जेरी धगधगता आहे. कोठडीत तो बापावर वर्षानुवर्षांची भडास काढतो. मी चुकलो की तुम्ही नेमके तिथे हजर असता, आणि काही बरे केले तेव्हा तुम्ही कुठे असता, असा त्याचा आरोप. लहानपणी फुटबॉलमध्ये मिळालेल्या पदकाची सल अजून त्याच्या मनात आहे. या सगळ्या काळात पॉसलथ्वेट जवळजवळ गप्प आहेत. त्यांच्याकडे करण्यासारखे काही नाही, फक्त ऐकायचे आहे, आणि ऐकणे हे अभिनयातले सर्वांत अवघड काम त्यांनी असे केले आहे, की बोलणाऱ्यापेक्षा आपली नजर ऐकणाऱ्याकडे अधिक वेळ राहते. प्रत्येक वाक्य त्यांच्यापर्यंत पोहोचते, लागते आणि तरीही ते मुलाला थांबवत नाहीत. फुप्फुसांच्या आजाराने खंगत चाललेला, जपमाळ न सोडणारा, कुणाचेही वाईट न चिंतणारा हा माणूस भाबडा वाटण्याचा मोठा धोका होता. तो टळला, कारण पॉसलथ्वेट यांनी त्याच्या सौम्यपणात हट्ट मिसळला. त्यांचा जुझेप्पे हा गरीब गाय नाही, आपले म्हणणे कागदावर लिहून पुन्हा पुन्हा पाठवत राहणारा चिवट माणूस आहे. त्याच्या मृत्यूची वार्ता पसरल्यावर कैदी खिडक्यांतून जळते कागद खाली सोडतात, त्या दृश्यात पॉसलथ्वेट नाहीत, पण त्याचे सगळे वजन त्यांनी आधीच्या दीड तासात जमा करून ठेवलेले आहे. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले. पुरस्कार 'द फ्युजिटिव्ह'साठी टॉमी ली जोन्स यांना गेला.

तिसरा बाप १९९६ च्या 'ब्रास्ड ऑफ'मधला डॅनी. ऑक्टोबर १९९२ मध्ये ब्रिटिश सरकारने ५० पैकी ३१ कोळसा खाणी बंद करण्याची घोषणा केली होती. त्या काळातील यॉर्कशायरच्या खाणकामगारांच्या ब्रास बँडची ही कथा ग्राइमथॉर्पच्या खऱ्या बँडवर बेतलेली आहे आणि चित्रपटातील वादनही त्याच बँडचे आहे. डॅनीला संगीताखेरीज काही दिसत नाही. मुलगा फिल कर्जात बुडालेला, त्याचा संसार मोडलेला, खाण बंद होण्याच्या वाटेवर, आणि बाप तालमीत तुताऱ्यांचा सूर नीट लागला का ते पाहतो आहे. कोळशाची धूळ त्याच्याही छातीत बसलेली आहे. पॉसलथ्वेट यांनी हा एककल्लीपणा गोंडस केलेला नाही; काही प्रसंगांत डॅनी चक्क निष्ठुर वाटतो, आणि तसा वाटू दिला हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्यामुळेच शेवटी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जिंकलेला करंडक नाकारून, संगीतापेक्षा माणसे मोलाची आहेत असे तो सांगतो, तेव्हा ते भाषण घोषणेसारखे वाटत नाही. स्वतःच्या मुलाला मरणाच्या दारातून परत आलेले पाहिल्यावर एका हट्टी माणसाने मोडलेला तो स्वतःचाच शब्द असतो.

चौथा बाप अवघ्या काही मिनिटांचा आहे. 'इन्सेप्शन' (२०१०) मधला उद्योगपती मॉरिस फिशर बहुतेक वेळ मृत्युशय्येवर पडून असतो. त्याचा मुलगा रॉबर्ट (किलियन मर्फी) त्याच्या जवळ बसतो, बापाच्या ओठांतून निराशेचा एक शब्द निसटतो आणि तिजोरीत रॉबर्टला लहानपणचे कागदी भिरभिरे सापडते. हा समेट खोटा आहे, चोरांनी रॉबर्टच्या स्वप्नात रचलेला आहे, हे प्रेक्षकाला पुरते ठाऊक असते. तरीही घशाशी आवंढा येतो. हे श्रेय दिग्दर्शकाचे आहेच, मर्फीचे तर आहेच, परंतु उशीवरचे ते डोके खरोखरच कुणाच्या तरी बापाचे वाटले नसते, तर सगळी रचना कोसळली असती.

इतर सदस्यांनी त्यांच्या रंगभूमीवरील कामाविषयी आणि मी वगळलेल्या भूमिकांविषयी अवश्य लिहावे.

तिसरी_घंटा

लेख मनापासून आवडला. रंगभूमीचा धागा मी पुढे नेते, कारण त्यावाचून या नटाचा उलगडा होत नाही असे मला वाटते.

लिव्हरपूलच्या होप स्ट्रीटवरील एव्हरीमन थिएटर हे मुळात एक प्रार्थनास्थळ होते. १९७० च्या दशकात तिथे जी मंडळी एकाच वेळी काम करीत होती ती नावे आज वाचली तर चकित व्हायला होते: ज्युली वॉल्टर्स, बिल नाय, जोनाथन प्राइस, अँटनी शेर, बर्नार्ड हिल आणि पॉसलथ्वेट. विली रसेल आणि अ‍ॅलन ब्लीझडेल यांच्यासारखे लेखक त्याच वर्तुळात घडत होते. ही मंडळी पबमध्ये जाऊनही प्रयोग करीत. हातात ग्लास घेऊन गप्पा मारणाऱ्या प्रेक्षकाला गप्प बसवायचे तर आवाज चढवून भागत नाही. समोरचा माणूस खरा वाटावा लागतो. नेपथ्य यांनी ज्या ऐकण्याविषयी लिहिले आहे, त्याची तालीम मला इथे दिसते. शिवाय एव्हरीमनमध्ये आज नायक आणि उद्या तीन ओळींचा पोस्टमन असा प्रकार असे, त्यामुळे लहान भूमिकेला कमी लेखण्याची सवय त्यांना लागलीच नाही. पुढे ते रॉयल शेक्सपिअर कंपनीत गेले, पण वळण पडले ते इथेच.

दोन प्रयोगांचा उल्लेख राहू नये. जस्टिन बुचर यांचे 'स्कारमूश जोन्स' हे एकपात्री नाटक त्यांनी या शतकाच्या आरंभी केले. विसाव्या शतकाइतकेच वय असलेला एक विदूषक सहस्रक संपण्याच्या रात्री आपल्या चेहऱ्यावरील सात पांढऱ्या मुखवट्यांची कहाणी सांगतो, असे ते नाटक. दुसरा प्रयोग म्हणजे किंग लियर. २००८ मध्ये लिव्हरपूल ही युरोपची सांस्कृतिक राजधानी होती. त्या वर्षी चित्रपटांतील मोठी नावे बाजूला ठेवून ते त्याच एव्हरीमनमध्ये लियर करायला परतले. रुपर्ट गूल्ड यांच्या दिग्दर्शनाबाबत समीक्षकांचे एकमत नव्हते. नंतर तो प्रयोग लंडनच्या यंग व्हिकमध्ये गेला. आपल्या यादीतील पाचवा बाप हाच, आणि तो सर्वांत मोठा. मुलींच्या तोंडून प्रेमाची मोजदाद मागणाऱ्या त्या राजाची भूमिका त्यांनी लंडनच्या एखाद्या झगमगत्या नाट्यगृहाऐवजी जिथे उमेदवारी केली त्या घरी आधी केली, याचे मला फार अप्रूप वाटते.

पूर्वपक्ष

धागा उत्तम आहे, तरी एक मतभेद नोंदवतो. सगळे पॉसलथ्वेट 'बाप' या एका खुंटीला टांगले, तर त्यांच्या अभिनयाचा अर्धा पल्ला नजरेआड होतो. त्यांचे दुर्जन पाहा.

शार्प या इंग्रज सैनिकाच्या कहाणीवरील 'शार्प' मालिकेतला १९९४ चा सार्जंट ओबडाया हेक्सविल हा इंग्रजी दूरचित्रवाणीवरील सर्वांत किळसवाण्या खलपात्रांपैकी एक असावा. मानेला सतत बसणारा झटका, आपल्याला मरण नाही अशी खात्री आणि टोपीत तोंड घालून आईशी चाललेला संवाद, हे सगळे एका नटाने केले तर ते सहज विनोदी होऊ शकते. पॉसलथ्वेट यांच्याकडे पाहताना हसू येत नाही. मराठी वाचकांसाठी एक दुवा असा, की कादंबरीकार बर्नार्ड कॉर्नवेल यांनी या मालिकेनंतर शार्पचा भारतातील पूर्वकाळ लिहिला आणि त्यात २३ सप्टेंबर १८०३ च्या आसईच्या लढाईवरील कादंबरीतही हेक्सविल आहे. आसई आज जालना जिल्ह्यात आहे.

त्याच वर्षी बीबीसीने डिकन्सच्या 'मार्टिन चझलविट'वर केलेल्या मालिकेत त्यांनी माँटेग्यू टिग हा ठग रंगवला. 'द युज्वल सस्पेक्ट्स' (१९९५) मधला वकील कोबायाशी तर कोणत्या मुलखाचा, हे त्याच्या नावावरूनही ठरत नाही आणि उच्चारावरूनही ठरत नाही. समोर चहा ठेवल्याच्या सुरात तो धमक्या देतो. १९९७ मध्ये स्पीलबर्ग यांनी त्यांना 'द लॉस्ट वर्ल्ड' आणि 'अमिस्टाड' असे दोन चित्रपट दिले आणि त्यांना जगातील सर्वोत्तम नट म्हटले. त्यावर पॉसलथ्वेट यांनी दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे: स्पीलबर्ग खरे तर असे म्हणाले असतील, की हा पीट स्वतःला जगातला सर्वोत्तम नट समजतो.

'द लॉस्ट वर्ल्ड' हा डायनोसॉरांचा चित्रपट, त्यात अभिनयाला जागा ती किती. तरी रोलंड टेंबो हा शिकारी लक्षात राहतो. टी-रेक्सची शिकार करण्याच्या ईर्षेने तो बेटावर येतो, ते जनावर त्याला मिळते आणि त्याचा जुना भारतीय सोबती अजय सिधू मारला जातो. मालकाने पुढची नोकरी देऊ केली, तेव्हा मरणाच्या सोबतीत आपण पुरेसा काळ काढला, असे सांगून तो उठून जातो. तेवढ्या एका मिनिटात त्या पोकळ चित्रपटात एक माणूस हिंडून गेल्यासारखे वाटते.

नेपथ्य

पूर्वपक्ष, आपला आक्षेप योग्य जागी आहे आणि हेक्सविलविषयी लिहिल्याबद्दल आभार. मात्र आपण दिलेली उदाहरणे माझ्या मूळ मुद्द्याला पुष्टी देतात असे मला वाटते. आईशी बोलणारा हेक्सविल काय किंवा सोबती गमावलेला टेंबो काय, दोघांच्याही मागे दृश्यात न दिसणारे आयुष्य आहे आणि दोघांसाठीही नट आपल्याकडे काही मागत नाही.

याच संदर्भात 'द टाउन' (२०१०) पाहावा. बॉस्टनमधील फुलवाल्याच्या दुकानाआडून दरोडे घडवणारा फर्गस ही त्यांची शेवटच्या वर्षांतील भूमिका. बेन अ‍ॅफ्लेकच्या पात्राला तो त्याच्या आईवडिलांची वाताहत आपण कशी केली ते सांगतो, आणि सांगताना हातातल्या गुलाबांच्या देठांवरचे काटे काढत राहतो. आवाज चढत नाही, हात थांबत नाहीत. हा माणूस रोज सकाळी दुकान उघडतो, फुले निवडतो आणि मग माणसे संपवतो, एवढे त्या हातांच्या सवयीवरून कळते. 'डिस्टंट व्हॉइसेस'मधला खरारा करणारा बाप आणि हा फर्गस यांच्या हातांत मला नाते दिसते: काम करणारे हात त्यांना नीट ठाऊक होते.

फादर लॉरेन्सचा उल्लेखही इथे करायला हवा. बाझ लुऱ्हमन यांच्या १९९६ च्या 'रोमिओ + ज्युलिएट'मध्ये सगळीकडे पिस्तुले, मोटारी आणि आरडाओरडा आहे. त्यात पाठीवर क्रूस गोंदवलेला हा पाद्री शेक्सपिअरचे पद्य असे बोलतो, की ते चारशे वर्षांपूर्वीचे आहे हे विसरायला होते. पाद्री होण्याचा विचार कधी काळी केलेल्या माणसाने तो रंगवला, हे जाणून पाहिले तर आणखी रंगत येते.

वातकुक्कुट

चर्चेत 'द एज ऑफ स्टुपिड' (२००९) आला नाही, म्हणून लिहितो. फ्रॅनी आर्मस्ट्राँग यांचा हा हवामानबदलावरील चित्रपट सामान्य लोकांना समभाग विकून उभ्या केलेल्या पैशांतून झाला. पॉसलथ्वेट त्यात २०५५ साली जगाच्या विनाशानंतर उरलेला एक दफ्तरपाल आहेत. तो जुनी चित्रफीत चाळत विचारतो, की संधी होती तेव्हा आपण स्वतःला वाचवले का नाही. तो पाहतो त्या कहाण्या मात्र खऱ्या माणसांच्या आहेत आणि त्यांतील एक आपल्या मुंबईची आहे: वाडिया घराण्यातील जेह वाडिया यांनी सुरू केलेली गोएअर ही स्वस्त विमानसेवा. कधी विमानात न बसलेल्या भारतीयाला उडण्याची संधी द्यावी, ही त्यांची तळमळ चित्रपटात प्रामाणिकपणे येते आणि त्याच उड्डाणांचा धूर वातावरणावर काय परिणाम करतो हेही येते. त्यांना खलनायक केलेले नाही, हे मला विशेष भावले.

हा विषय पॉसलथ्वेट यांनी पडद्यापुरता ठेवला नाही. २००४ मध्ये त्यांना ओबीई हा किताब मिळाला होता. चित्रपटाच्या पहिल्या खेळाच्या वेळी त्यांनी तत्कालीन ऊर्जा व हवामानमंत्री एड मिलिबँड यांना समोरासमोर सांगितले, की केंटमधील किंग्जनॉर्थच्या नव्या कोळसा वीजकेंद्राला सरकारने मंजुरी दिली, तर आपण तो किताब परत करू. ते केंद्र पुढे झाले नाही. यामागे कारणे अनेक होती आणि सगळे श्रेय एका नटाला देणे बरोबर नाही, पण कोळशाच्या खाणी बंद पडल्याचे दुःख 'ब्रास्ड ऑफ'मधून जगासमोर ठेवणाऱ्या माणसाने कोळशाच्या नव्या केंद्राला विरोध करावा, हे विचार करण्यासारखे आहे. मला त्यात विसंगती दिसत नाही. दोन्ही वेळी त्यांचा प्रश्न एकच होता: निर्णय वर बसलेले घेणार आणि त्याची किंमत कोण मोजणार?

तिसरी_घंटा

वातकुक्कुट यांच्याशी पूर्ण सहमत. एक भर घालते. २००८ च्या बीबीसीच्या 'क्रिमिनल जस्टिस' मालिकेत त्यांनी हूच हा मुरलेला कैदी केला होता. कोवळ्या बेन व्हिशॉच्या पात्राला तुरुंगात कसे जगायचे हे तो शिकवतो. याच मालिकेवरून २०१९ मध्ये हिंदी मालिका झाली आणि ती आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. मूळ मालिका पाहिली नसेल तर हूचसाठी अवश्य पाहावी. जुझेप्पेची कोठडी आणि हूचची कोठडी यांच्यामध्ये पंधरा वर्षे आहेत. पहिल्या कोठडीत तुरुंगाने न बदललेला माणूस आहे आणि दुसरीत तुरुंगाने पुरता घडवलेला.

पूर्वपक्ष

हूचची आठवण करून दिल्याबद्दल आभार. ज्यांनी या नटाचे काहीच पाहिलेले नाही त्यांनी सुरुवात कुठून करावी?

नेपथ्य

'ब्रास्ड ऑफ'पासून करावी, कारण तो सर्वांना जवळचा वाटेल, आणि लगेच दुसऱ्या दिवशी 'इन द नेम ऑफ द फादर' पाहावा. 'डिस्टंट व्हॉइसेस' मात्र तिसरा ठेवावा. तो संथ आहे, त्यात सरळ गोष्ट नाही, गाणी आणि तुटक आठवणींतून तो पुढे सरकतो, त्यामुळे नटावर आधी विश्वास बसलेला असला तर तो अधिक भिडतो. २ जानेवारी २०११ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी, स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले आणि त्याच महिन्यात 'द टाउन'साठी त्यांचे नाव ब्रिटिश चित्रपट अकादमीच्या (बाफ्टा) सहायक अभिनेत्याच्या नामांकनांत जाहीर झाले. म्हणून तो चित्रपट शेवटी पाहावा.